नवीन सीडी (क्रॉसड्रेसर) ग्रुपमध्ये आली की काय करायचं आणि काय अजिबात नाही

बारा वर्षं झाली क्रॉसड्रेसिंगला, म्हणजे पुरुष असून बायकांचे कपडे घालण्याला, त्यातली पहिली सहा बाथरूमच्या आरशासमोर एकट्यानेच गेली, मग एक ग्रुप सापडला, आणि तिथे दुसऱ्याच वर्षी मी एक घाण करून ठेवली. एक नवीन मेंबर आली होती, हातात जिमची बॅग. आत बदलायला गेली ती चाळीस मिनिटं बाहेरच नाही. शेवटी आली तेव्हा विग थोडा तिरका, लिपस्टिक ओठाच्या बाहेर, आणि मी पहिलं वाक्य काय बोलले तर, "अगं, दाढी दिसतेय खालून." मला वाटलं मदत करतेय. ती दहा मिनिटांत कपडे बदलून गेली आणि परत कधी आली नाही. तेव्हा खाली जे लिहिलंय ते शहाणपण वगैरे नाही, ठेच लागून कळलेलं आहे.

सगळ्यात आधी, पहिली दहा मिनिटं. वरपासून खालपर्यंत बघायचं नाही, आपल्याला कळत नाही पण समोरच्याला ते एक्स-रे काढल्यासारखं वाटतं. बोलायचंच असेल तर तिने जे निवडलंय त्यावर बोला, रंग छान आहे, कानातले कुठून घेतले वगैरे, तिच्या खांद्यांवर आणि जबड्यावर नको, ते तिने निवडलेले नाहीत. आणि मेकअपची टिप विचारल्याशिवाय द्यायची नाही. विचारली तर मात्र नीट द्या, "फाउंडेशन जास्त लाव" हे उत्तर नाही, त्याने चेहरा राखाडी दिसतो. दाढीच्या निळसर झाकेवर आधी नारिंगी करेक्टरचा (डाग-झाक लपवणारं रंगीत क्रीम) पातळ थर, बोटाने थापटून, घासून नाही (गोऱ्या कातडीला पीच पुरतो), वरून फाउंडेशन, मग पावडर. एवढं.

आता आपल्या मराठीची गंमत, म्हणजे डोकेदुखीच. इंग्रजीवाले नुसतं सर्वनाम विचारून मोकळे होतात, आपल्याकडे क्रियापदच चुगली करतं. आलास की आलीस? दमलास की दमलीस? त्यामुळे सरळ विचारा, "नाव काय आणि कसं बोलू?" विचारेपर्यंत "कसं काय", "कधी आलात" असं बोललं तर निभावतं, "तुम्ही आलात" मध्ये बाई की पुरुष कळत नाही, पण "कसे आहात" की "कशा आहात" वर गाडी अडकतेच. काहीजणी ड्रेसमध्ये असतानासुद्धा "मी आलो" म्हणतात, त्यांना सुधारायला जाऊ नका, ती त्यांची मर्जी आहे. आणि चुकलात तर एकदा सॉरी म्हणून पुढे जा, पाच मिनिटं माफी मागत बसलं की समोरचीलाच तुमची समजूत काढावी लागते.

यापेक्षा मोठं दुखणं म्हणजे "खरी सीडी कोण". कुणी म्हणणार आम्ही लग्न झालेले स्ट्रेट लोक, आमच्यात गे नकोत, कुणी म्हणणार नुसती साडी-ब्लाउजची हौस असलेले खालच्या दर्जाचे, कुणाला हॉर्मोन्स सुरू केलेली मेंबर "आता आपली नाही" वाटते. हे नवीन नाही. 1961 मध्ये लॉस एंजेलिसला व्हर्जिनिया प्रिन्स नावाच्या क्रॉसड्रेसरने आपल्यासारख्यांचा क्लब सुरू केला, पहिल्या भेटीला प्रत्येकाने पिशवीत स्टॉकिंग्ज आणि हील्स आणायच्या आणि सगळ्यांनी एकाच वेळी घालायच्या, म्हणजे कुणी कुणाची चहाडी करू शकणार नाही. काय डोकं आहे बघा, सगळ्यांची रिस्क सारखी! पण त्यातूनच पुढे जी संघटना झाली तिने समलिंगी आणि ट्रान्ससेक्शुअल लोकांना दार बंद केलं. आणि 1968 पासून स्वतः प्रिन्स पूर्णवेळ बाई म्हणून राहायला लागली. म्हणजे ज्या भिंती आपण घालतो त्या आपल्यालाच कधी आडव्या येतील सांगता येत नाही. खरं तर कपड्यांची ओढ वेगळी आणि कुणाबद्दल आकर्षण वाटतं ते वेगळं, हे हिर्शफेल्ड नावाचा जर्मन डॉक्टर 1910 मध्येच लिहून गेला होता. त्यामुळे कुणी नवीन आली की "तू का करतेस" हा प्रश्न पहिल्या दिवशी नको, बऱ्याच जणींकडे उत्तर नसतंच, माझ्याकडे अजून नाही.

फोटोबद्दल मी जरा कडक आहे. न्यूयॉर्क राज्यात कॅट्सकिलच्या डोंगरात कासा सुझाना म्हणून जागा होती, पन्नास-साठच्या दशकात क्रॉसड्रेसर्स तिथे वीकेंडला जमायचे, एकमेकींचे फोटो काढायचे. ते फोटो कितीतरी वर्षांनी जुन्या बाजारात अनोळखी लोकांच्या हाती लागले आणि 2005 मध्ये छापूनही आले. आज आपल्याला ते बघून भरून येतं, पण त्यातल्या कुणाला विचारलं होतं का? म्हणून फ्रेममधल्या प्रत्येकीला विचारा, मागच्या आरशात दिसणारीलासुद्धा. आणि फोनचा ऑटो बॅकअप आधी बंद करा, घरच्या टॅबवर शेअर्ड अल्बम असतो आणि भांडं तिथेच फुटतं. रस्त्यात कुणी मेंबर दिसली, सोबत घरचे आहेत, तर तिने ओळख दिली तरच ओळख द्यायची.

ओपन ग्रुप म्हणजे काहीही चालतं असंही नाही हां. न विचारता हात लावणं, रात्री अकराला "काय घातलंय" असे मेसेज, हे करणाऱ्याला ग्रुप चालवणारीने त्याच आठवड्यात बाहेर काढायचं, "त्याचा स्वभावच तसा" म्हणून खपवलं की नवीन मुली गुपचूप गळतात. कुणाची बायको किंवा पार्टनर भेटीला आली तर तिला पटवायला बसू नका, तिला प्रश्न विचारू दे, रडू दे, तिच्यावरही एक गुपित लादलं गेलंय.

आणि पर्जिंग. एक दिवस मेसेज येतो, सगळं सोडलं, कपडे फेकतोय, ग्रुप सोडतोय. यावर "येशील परत, सगळे येतात" असं हसून बोलायचं नाही, कधी खरंच सोडतात, आणि त्यात वाईट काय? मी एवढंच विचारते की फेकायच्या आधी बॅग माझ्याकडे ठेवतोस का, सहा महिने. माझ्या कपाटात आत्ता दोन बॅगा आहेत. एक गेल्या वर्षापासून पडलीये, चेन उघडून बघितलेली नाही.