संगीताच्या बकेट लिस्टमधील या चुका टाळा

आयुष्यात एकदा तरी ऑपेरा पाहायचा, गिटार शिकायची, इंडोनेशियाचा गामेलान हा वाद्यसमूह प्रत्यक्ष ऐकायचा, अशी यादी संगीतावर प्रेम करणारा जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी करतो. यादी रेंगाळली की आपण आळसाला दोष देतो. माझ्या मते मात्र खरी अडचण बहुधा नोंद लिहिण्याच्या पद्धतीतच असते. वरच्या तीन नोंदी दिसायला सारख्या आहेत, पण पहिली एका संध्याकाळची आहे, दुसरी काही वर्षांची आहे आणि तिसरीसाठी कानाला एका वेगळ्याच स्वरव्यवस्थेची सवय व्हावी लागते. तिन्हींसाठी एकच चौकोन आखून त्यात बरोबरची खूण करायची ठरवली, तर पहिल्या नोंदीनंतर रिकामेपण जाणवते, दुसरीत अपयश आल्यासारखे वाटते आणि तिसरी कळलीच नाही म्हणून सोडून दिली जाते.

कार्यक्रमाचे नाव लिहिणे, ऐकायचे काय ते न लिहिणे

‘ऑपेरा पाहणे’ ही नोंद अपुरी आहे. तिच्याऐवजी ‘मायक्रोफोनशिवाय गाणारा एकटा आवाज संपूर्ण वाद्यवृंदातून कसा पार होतो, हे सभागृहात बसून ऐकणे’ असे लिहिले, तर तिथे गेल्यावर लक्ष कशाकडे द्यायचे हे आपोआप ठरते. या चमत्कारामागे शास्त्र आहे. ऑपेराची तालीम घेतलेल्या गायकांच्या, विशेषतः पुरुष गायकांच्या, आवाजातील बरीच ऊर्जा ३००० हर्ट्झच्या आसपास एकवटलेली असते आणि नेमक्या त्याच पट्ट्यात वाद्यवृंदाचा जोर कमी झालेला असतो. ध्वनिमुद्रणात आवाजांची पातळी यंत्रावर जुळवता येत असल्यामुळे ही गंमत तिथे पुरती कळत नाही. ती सभागृहातच ऐकायला हवी.

याच नोंदीबाबत होणारी आणखी एक चूक म्हणजे सर्वांत भव्य कृतीपासून सुरुवात करणे. वाग्नर या जर्मन संगीतकाराची चार ऑपेरांची मालिका १८७६ मध्ये जर्मनीतील बायरॉइट येथे प्रथम सलग सादर झाली आणि तिचे एकूण संगीत सुमारे १५ तासांचे आहे. ती यादीत जरूर असावी, पण शेवटी. पहिल्या वेळी दोन-अडीच तासांची, कथा आधी वाचून ठेवता येईल अशी कृती निवडावी. भाषेची भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण १९८३ मध्ये टोरंटोत रंगमंचाच्या वर भाषांतरित ओळी दाखवण्याची पद्धत सुरू झाली आणि आता ती अनेक ऑपेरागृहांत रूढ आहे. तरीही कथा आधी वाचावीच, नाहीतर नजर सारखी त्या ओळींवर खिळते आणि गाणे निसटते.

‘हे तर बेसूर आहे’

परक्या संगीताविषयीची ही सर्वांत जास्त वेळा येणारी तक्रार आहे, आणि सर्वांत घाईने केलेलीही. हार्मोनियम, पियानो किंवा कीबोर्डवर वाढलेल्या कानाला सप्तकाचे बारा समान भाग हीच निसर्गाची रचना वाटू लागते. जावाच्या गामेलानमध्ये स्लेंद्रो ही पाच स्वरांची आणि पेलोग ही सात स्वरांची व्यवस्था असते. या दोन्हींचे स्वर पियानोच्या पट्ट्यांवर नेमके बसत नाहीत. शिवाय प्रत्येक गामेलानची वाद्ये त्या संचापुरतीच एकमेकांशी जुळवलेली असतात, त्यामुळे एका संचातील वाद्य उचलून दुसऱ्यात ठेवता येईलच असे नाही. बालीमध्ये तर वाद्यांच्या जोड्या मुद्दाम किंचित वेगळ्या स्वरांत लावतात. दोन्ही एकदम वाजली की आवाजात एक वेगवान थरथर निर्माण होते आणि बालीच्या वादकांना तीच हवी असते. जी गोष्ट नवख्या श्रोत्याला दोष वाटते, ती घडवण्यासाठी कारागिराने विशेष मेहनत घेतलेली असते. अरबी संगीतातील मकाम, म्हणजे आपल्या रागासारख्या स्वरचौकटी, यांतही असेच घडते; ‘रास्त’ या मकामातील तिसरा स्वर आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी असतो.

अशा वेळी उपाय साधा आहे. प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या आधी काही आठवडे त्या संगीतातील एकच रचना पुन्हा पुन्हा ऐकावी. दहा वेगवेगळ्या रचनांची प्लेलिस्ट इथे उपयोगी पडत नाही, कारण ओळख पटायला तेच स्वर पुन्हा भेटावे लागतात. एखादी गोष्ट वारंवार समोर आल्याने तिच्याविषयीची आवड वाढू शकते, हे रॉबर्ट झायोन्क या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच प्रयोगांनी दाखवले होते. अर्थात अतिपरिचयाने कंटाळाही येतो. म्हणून रोज एकदा, पूर्ण लक्ष देऊन ऐकणे पुरेसे आहे. काम करताना मागे लावून ठेवलेले संगीत या तयारीत धरू नये.

एवढे करूनही ते संगीत आवडले नाही, तर नोंद निःसंकोच खोडावी. मात्र एका बैठकीत, दमलेल्या अवस्थेत किंवा उशिरा पोहोचून ऐकलेल्या कार्यक्रमावरून असा निर्णय घेऊ नये.

‘काहीच घडत नाही’

ख्यालाच्या मैफलीत पहिल्यांदा बसलेल्या श्रोत्याला विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, बंदिशीच्या काळात असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. अतिविलंबित लयीत बारा मात्रांच्या एकतालाचे एक आवर्तन जवळपास मिनिटभर चालू शकते, आणि मिनिटभराने येणारी सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, पकडण्याची सवय नसेल तर सगळा विस्तार दिशाहीन भासतो. इथे एकच गोष्ट करावी: तबल्याच्या ठेक्याकडे लक्ष ठेवून गायक मुखडा, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीचा तुकडा, घेऊन समेवर कसा येतो, तेवढेच ऐकावे. रागाचे नियम, घराणे, तानांचे प्रकार या सर्व गोष्टी पुढच्या वेळेसाठी ठेवाव्यात. दोन-तीन आवर्तने अशी ऐकली की समेची वाट पाहण्यात आनंद येऊ लागतो आणि द्रुत सुरू होईपर्यंत मन गायकाबरोबर चालू लागलेले असते.

जॅझमध्येही अशीच एक खूण आहे. सुरुवातीला सर्वांनी मिळून वाजवलेली धून लक्षात ठेवावी. बारा किंवा बत्तीस मापांच्या (बारच्या) त्या धूनेखालची स्वरसंगती, म्हणजे कॉर्ड्सचा क्रम, पुढे तशीच फिरत राहते, तिच्यावर एकेक वादक आपला विस्तार करतो आणि शेवटी धून परत येते. विस्तार चालू असताना मूळ धून मनातल्या मनात गुणगुणली, तर वादक कुठे पोहोचला आहे ते उमगते.

दाद कधी द्यायची याची चिंता नवख्यांना उगाच सतावते. ख्यालात ती मधेच दिली जाते, जॅझमध्ये एकाचा विस्तार संपताच टाळ्या पडतात, सिंफनीत चारही भाग संपेपर्यंत थांबण्याचा आजचा रिवाज आहे. खात्री नसेल तर आजूबाजूच्यांच्या मागून टाळी वाजवावी.

वाद्य हाती घेतल्यावर

‘व्हायोलिन शिकणे’ ही नोंद कधीच पूर्ण होत नाही, कारण ती कुठे संपते हे कोणीच सांगू शकत नाही. ‘एक ओळखीची धून सुरात वाजवणे’ ही नोंद पूर्ण होऊ शकते. व्हायोलिनला पडदे नसल्यामुळे प्रत्येक स्वराची जागा कान आणि बोट मिळून शोधतात. त्यामुळे सुरुवातीचे महिने खडबडीत आवाजाचे जाणार, हे गृहीत धरूनच ही निवड करावी. लवकर गाणे हाती यावे अशी इच्छा असेल, तर पडदे असलेले आणि चारच तारांचे युकुलेले अधिक सोयीचे.

अनेक जण वाद्य सोडतात ते प्रतिभा कमी पडल्यामुळे नव्हे, तर हातातले वाद्यच नीट लावलेले नसल्यामुळे. गिटारच्या तारा पट्टीपासून फार उंच असतील तर बोटे गरजेपेक्षा जास्त दुखतात आणि दाबताना स्वरही चढतो. जाणकाराकडून ती उंची कमी करून घ्यावी. नव्या तारा ताणल्या जात असल्याने पहिले काही दिवस सारख्या उतरतात, हा वाद्याचा बिघाड नसतो. दर वेळी वाजवण्याआधी ट्यूनरवर तारा लावून घ्याव्यात. बोटांच्या टोकांचे दुखणे काही आठवड्यांत कमी होते, पण मनगटात किंवा कोपरात कळ येत असेल तर बैठक आणि पकड चुकते आहे असे समजून थांबावे. बासरी शिकताना चक्कर येते, ती बहुधा गरजेपेक्षा जास्त हवा फुंकल्याने. अशा वेळी बासरी खाली ठेवून श्वास पूर्ववत होऊ द्यावा. रशियातील तुवा प्रदेशाच्या खूमेई या गायनप्रकारात एकाच गळ्यातून दोन स्वर ऐकू येतात, म्हणून तो अनेकांच्या यादीत असतो. तो ध्वनिफिती ऐकून एकट्याने शिकताना गळा आवळण्याची चूक हमखास होते. घसा दुखला किंवा आवाज बसला तर सराव बंद करून शिक्षक शोधणे हाच मार्ग आहे.

वाद्य विकत घेण्याची घाईही टाळावी. शक्य असेल तिथे ते भाड्याने किंवा उसने घेऊन दोन-तीन महिने वाजवून पाहावे.

कानांकडे दुर्लक्ष

रॉक कॉन्सर्ट किंवा रात्रभर चालणारा नृत्यसंगीताचा उत्सव यादीत असेल, तर इअरप्लगची नोंद त्याच ओळीत करावी. ‘निओश’ या कामगारांच्या सुरक्षा व आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी सुचवलेली सरासरी आवाजाची कमाल मर्यादा १०० डेसिबलच आहे, म्हणजे नियम पाळणाऱ्या ठिकाणीही संपूर्ण कार्यक्रम उघड्या कानांनी ऐकणे सुरक्षित ठरत नाही. फोमचे साधे इअरप्लग वरचे स्वर जास्त दाबतात आणि त्यामुळे संगीत दबलेले वाटते. वादकांसाठी बनवलेले इअरप्लग सर्व स्वर साधारण सारख्या प्रमाणात कमी करतात, म्हणून तेच घ्यावेत. ध्वनिक्षेपकांच्या समोर उभे राहू नये आणि मधूनमधून शांत जागी जाऊन कानांना विश्रांती द्यावी. कार्यक्रमानंतर कानात वाजत राहणे हा इशारा आहे. ते दुसऱ्या दिवशीही थांबले नाही, किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले, तर वाट न पाहता कानाच्या डॉक्टरांकडे जावे.