कालव्यातील नौकेवर कुत्र्यासाठी मूठ असलेले लाइफ जॅकेट

इंग्लंड-वेल्समधील कालव्यांत नॅरोबोटवरून (कालव्यांसाठीची लांब, अरुंद नौका) पडलेल्या कुत्र्याला, पोहता येत असूनही, बहुधा वर चढता येत नाही, कारण नौकेची बाजू पोलादी आणि काठ बऱ्याच ठिकाणी उभा बांधलेला असतो. म्हणून त्याला पाठीवर भक्कम मूठ असलेले लाइफ जॅकेट घालावे आणि निघण्यापूर्वी जमिनीवरच, मुठीने किंचित उचलून, पट्टे सरकत नाहीत याची खात्री करावी. कुत्रा पडल्यास आधी इंजिन न्यूट्रलमध्ये आणावे, मगच त्याला मुठीने वर घ्यावे.

वेल्समधील पॉन्टकसिल्टे जलसेतूच्या (दरीवरून कालवा नेणारा पूल, १८०५ मध्ये खुला) एका बाजूला कठडाच नाही. तिथे कुत्र्याला केबिनमध्येच ठेवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

लॉकमध्ये (पाण्याची पातळी बदलून नौका वर-खाली नेणारा, दरवाजे असलेला कप्पा) मात्र कुत्र्याला काठावर किंवा नौकेला कधीही बांधू नये. पाण्याबरोबर नौका खाली जाते आणि दोरी ताणून गळफास बसू शकतो.