गॅसच्या टाकीची जबाबदारी घरातल्या एकाच्या नावावर करा

मुलांना जबाबदारी शिकवायची म्हणून लोक भिंतीवर कामांचे तक्ते लावतात. पंधरवड्यात त्या तक्त्यावर इस्त्रीवाल्याचा हिशेब लिहिलेला दिसतो. माझं म्हणणं असं की घरातलं एकच काम निवडा, पण ज्यात हयगय झाली तर खरंच काही बिघडेल असं. आणि ते एकाच्याच नावावर करा. आमच्याकडे गॅसची टाकी नववीतल्या नातवाकडे आहे. माझी नोकरी शाळेच्या प्रयोगशाळेत बर्नर सांभाळण्यात गेली, तेव्हा शिकवणं ओघानेच माझ्याकडे आलं. पहिल्या काही वेळा शेजारी उभं राहायचं, मग बाजूला व्हायचं.

टाकी दारातच तपासायची. सील शाबूत आहे ना, हे बघायचं. मग वरच्या कड्याला जोडणाऱ्या उभ्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि वर्ष असतं. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत. 'सी-२७' असेल तर त्या टाकीची पुढची चाचणी सप्टेंबर २०२७ पर्यंत व्हायला हवी. मुदत उलटलेली टाकी घ्यायची नाही.

वजनाचं जरा अवघड जातं, कारण तिथे तोंड उघडावं लागतं. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावर लिहिलेलं असतं. समजा १५.३ किलो आहे, तर त्यात गॅसचे १४.२ मिळवून काट्यावर २९.५ भरायला हवेत. काटा गॅसवाल्याकडे असायला हवा आणि मागायचा आपला हक्क आहे. "आजोबा, ते घाईत असतात," असं नातू म्हणायचा. असतातच, टाकी खांद्यावर घेऊन जिने चढणाऱ्याला घाई असणारच. म्हणून आधी पाणी विचारायचं आणि मग, "काका, जरा वजन बघू या का?" आता तो बेरीज तोंडी करतो, मोबाइल काढत नाही.

जोडताना शेगडीच काय, देवापुढची उदबत्तीसुद्धा विझलेली हवी. रेग्युलेटर बसवला की सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं. काडी ओढून गळती शोधणारे महाभाग अजून आहेत, त्यांच्याबद्दल काय बोलावं! दोरीला बांधलेलं झाकण फेकायचं नाही. व्हॉल्व्हच गळायला लागला तर तेच कामी येतं. नळीवरची तारीख वाचायची आणि पाच वर्षं झाली की ती बदलायची, वरून कितीही धडधाकट दिसली तरी.

टाकी लावल्याची तारीख कॅलेंडरवर टाकायला सांगा. एखादी टाकी लवकर संपली की पोरगं आपणहून विचारतं, पाहुणे आले होते का, की ज्योत पिवळी जळतेय? बारकावे दिसू लागल्याची खूण मी हीच मानतो.

रात्री रेग्युलेटर बंद करताना त्यावर हात ठेवून मोठ्याने "बंद" म्हणायचं. आगगाडीचे चालक आणि सहचालकही सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. मनातल्या मनात बघितलेलं अंथरुणात पडल्यावर आठवत नाही, उच्चारलेलं आठवतं.

खरी परीक्षा मोठ्यांची आहे. त्याच्यामागून जाऊन गुपचूप तपासायचं नाही. तपासलंत की काम पुन्हा तुमच्या नावावर आलं, आणि हे मुलांना लगेच कळतं. रेग्युलेटर चालू दिसला तर स्वतः बंद न करता त्याला उठवायचं. सूनबाईला हे क्रूर वाटतं. परीक्षेच्या दिवसांत मलाही जड जातं, पण उठवतो.

अपवाद एकच, वास आला तर. तेव्हा कुणाचं काम हे बघत बसायचं नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. म्हणून दारं-खिडक्या सताड उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा, दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही. मग घराबाहेर जाऊन १९०६ ला फोन. हा नंबर घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा, नातवाच्या धाकट्या बहिणीलासुद्धा.