माशांचे अनुकूलन जीनोममधून कसे वाचावे

माशांच्या जीनोमवर, म्हणजे पेशीतल्या संपूर्ण डीएनएवर, काम करू इच्छिणाऱ्याने आधी तुलना ठरवावी आणि डीएनए नंतर वाचावा. आज एका माशाचा संपूर्ण जीनोम वाचून घेणे फारसे अवघड राहिलेले नाही. परंतु एकट्या जीनोमकडे कितीही वेळ पाहिले तरी तो मासा खाऱ्या पाण्यातून गोड्या पाण्यात कसा रुळला, गोठणाऱ्या समुद्रात कसा तगला किंवा गुहेतल्या अंधारात त्याचा रंग का गेला, हे त्यातून कळत नाही. अनुकूलन दिसते ते फरकातून. कोणता फरक कशाशी ताडून पाहायचा हे नमुने गोळा करण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते, कारण चुकीच्या तुलनेवर नंतर कितीही डेटा ओतला तरी ती सुधारत नाही.

चांगली तुलना कशी असते हे समजण्यासाठी तीनकाटी स्टिकलबॅक या छोट्या माशाचा अभ्यास अवश्य करावा. सुमारे 12,000 वर्षांपूर्वी शेवटचे हिमयुग ओसरले, तेव्हा उत्तर गोलार्धात असंख्य नवी तळी आणि ओढे तयार झाले. समुद्रातले स्टिकलबॅक त्यांत शिरले आणि तिथेच स्थायिक झाले. समुद्री माशाच्या शरीराच्या प्रत्येक बाजूला 30 हून अधिक हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत असते. गोड्या पाण्यातल्या बहुतेक समूहांत त्यांपैकी मोजक्याच पट्ट्या उरल्या. हे एकाच तळ्यात घडले असते तर त्याला योगायोग म्हणता आले असते. ते वेगवेगळ्या खंडांवरच्या तळ्यांत पुन्हा पुन्हा घडले, आणि म्हणूनच त्यामागे नैसर्गिक निवड आहे असे ठामपणे म्हणता येते. 2005 साली या बदलाचा मुख्य धागा ईडीए नावाच्या जनुकापर्यंत पोहोचला. पट्ट्या कमी करणारे या जनुकाचे रूप तळ्यांपेक्षा कितीतरी जुने निघाले: ते समुद्री माशांत अल्प प्रमाणात आधीपासूनच होते आणि बहुतेक नव्या तळ्यांत त्यालाच निवडीने वर आणले.

मेक्सिकोतल्या आंधळ्या गुहामाशांची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहावी. पाचोन आणि मोलिनो या दोन गुहांतल्या माशांचा रंग ओसीए-2 या एकाच जनुकाच्या बिघाडामुळे गेला आहे. परंतु दोन्हीकडे जनुकातला गळालेला तुकडा वेगवेगळा आहे. तेथे जुने रूप वापरले गेले नाही, दोन ठिकाणी दोन स्वतंत्र उत्परिवर्तने झाली. त्यामुळे दोन समूहांत ‘तेच जनुक’ सापडले एवढ्यावर कधीही थांबू नये. त्या जनुकाच्या आजूबाजूचा डीएनए दोन्ही समूहांत सारखा आहे का हे तपासावे. सारखा असेल तर रूप एकाच पूर्वजाकडून आले आहे किंवा संकरातून पसरले आहे. वेगळा असेल तर उत्क्रांतीने तीच वाट दोनदा स्वतंत्रपणे काढली आहे. या दोन उत्तरांतून त्या माशाच्या भविष्याविषयी फार वेगळे अंदाज निघतात.

व्यवहारात याचा अर्थ असा, की खारे आणि गोडे, उथळ आणि खोल, स्वच्छ आणि प्रदूषित अशा पाण्यांची केवळ एक जोडी घेऊ नये; निदान तीन स्वतंत्र जोड्या घ्याव्यात. जोडीतले दोन्ही समूह शक्यतो एकाच खोऱ्यातले असावेत, म्हणजे त्यांच्यातला फरक दूरच्या इतिहासाचा नसून पाण्याचा असण्याची शक्यता वाढते. शिवाय दोन पाण्यांत क्षारतेबरोबर तापमान, प्रकाश, भक्षक आणि परजीवी हे सारेच बदलत असते. ज्या घटकाविषयी दावा करायचा आहे तो नमुने घेताना प्रत्यक्ष मोजून नोंदवावा, नंतर नकाशावरून अंदाज बांधू नये.

नमुने आणि डीएनए

समूहांच्या अभ्यासासाठी मासा मारण्याची गरज बहुधा नसते. परवानगी घेऊन परांचा लहानसा तुकडा कापून 95 टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉलमध्ये ठेवला की पुरते. तुकड्यातले पाणी इथेनॉल पातळ करते, म्हणून इथेनॉल भरपूर घ्यावे आणि एका दिवसाने बदलावे. डीएनए खराब होण्यामागे हेच दुर्लक्ष अनेकदा असते. नव्याने संदर्भ जीनोम, म्हणजे त्या प्रजातीचा तुलनेसाठीचा आधारभूत डीएनए-क्रम, तयार करायचा असेल, तर मात्र लांब, न तुटलेला डीएनए लागतो आणि ताजा ऊतक द्रव नायट्रोजनमध्ये तत्काळ गोठवावा लागतो. माशांच्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक असल्याने रक्त हा डीएनएचा उत्तम स्रोत आहे.

प्रत्येक समूहातले 20 ते 30 मासे बहुतेक प्रश्नांना पुरेसे होतात. ते एकाच जाळ्यात एकाच वेळी सापडलेली पिल्ले नसावीत, कारण अशी पिल्ले पुष्कळदा एकाच आईबापांची असतात आणि तीस माशांच्या नावाखाली आपण एकच कुटुंब मोजत राहतो.

किती वाचन करायचे हे जीनोमच्या आकारावर ठरते आणि माशांत हा आकार विलक्षण बदलतो. फुगू माशाचा जीनोम सुमारे 40 कोटी अक्षरांचा (म्हणजे डीएनएच्या साखळीतील घटकांचा) आहे, झेब्राफिशचा सुमारे 140 कोटींचा, तर 2021 साली प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रेलियन फुप्फुसमाशाचा जीनोम सुमारे 4,300 कोटींचा, म्हणजे माणसाच्या चौदापट आहे. स्टिकलबॅकचा जीनोम साधारण 46 कोटींचा धरला आणि प्रत्येक जागा सरासरी 15 वेळा वाचायची ठरवली, तर एका माशामागे 690 कोटी अक्षरे लागतात. हा हिशेब आधी कागदावर करावा. निधी मर्यादित असेल तर थोडे मासे खोलवर वाचण्यापेक्षा जास्त मासे एक-दोन पट कव्हरेजवर, म्हणजे प्रत्येक जागा सरासरी एक-दोनदाच, वाचणे आणि जनुकप्रकार (एका जागी माशाकडे असलेली दोन रूपे) ठामपणे न ठरवता त्यांच्या संभाव्यतेवर काम करणे मला अधिक योग्य वाटते. समूहातील रूपांचे प्रमाण त्यातून चांगले कळते.

ज्याने हे काम पूर्वी केलेले नाही, त्याने स्वतःचा एकही नमुना प्रयोगशाळेत पाठवण्यापूर्वी सार्वजनिक संग्रहातील स्टिकलबॅक किंवा हेरिंगचा डेटा उतरवून संपूर्ण विश्लेषण एकदा करून पाहावे. अमेरिकेतील एनसीबीआय आणि युरोपीय न्यूक्लिओटाइड संग्रह येथे कच्ची रीड, म्हणजे यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे, विनामूल्य मिळतात, आणि एन्सेम्बल या संकेतस्थळावर अनेक माशांचे संदर्भ जीनोम जनुकांच्या नोंदींसह उपलब्ध आहेत. उत्तर आधीच ठाऊक असलेल्या डेटावर आपली पद्धत ईडीए जनुकापर्यंत पोहोचते की नाही, यासारखी दुसरी कसोटी नाही.

फरक शोधताना

रीडची गुणवत्ता तपासणे, ती संदर्भ जीनोमवर बसवणे, प्रतिकृती म्हणून आलेली रीड खूण करून वगळणे आणि मग फरकांची यादी काढणे, हा क्रम सर्वत्र सारखाच आहे. फास्टक्यूसी, बीडब्ल्यूए, सॅमटूल्स, बीसीएफटूल्स, जीएटीके ही साधने त्यासाठी रूढ आहेत आणि त्यांच्या सूचना सविस्तर लिहिलेल्या आहेत. परंतु माशांच्या बाबतीत एक सापळा आहे, आणि त्याकडे त्या सूचना पुरेसे लक्ष वेधत नाहीत.

आजच्या बहुसंख्य हाडी माशांच्या पूर्वजात 30 कोटींहून अधिक वर्षांपूर्वी संपूर्ण जीनोम दुप्पट झाला. सॅमन आणि ट्राउट यांच्या कुळात सुमारे 8 ते 10 कोटी वर्षांपूर्वी तो आणखी एकदा दुप्पट झाला. त्यामुळे अनेक जनुकांच्या जुळ्या प्रती जीनोममध्ये दोन ठिकाणी असतात, आणि संदर्भ जीनोम बांधताना त्या चुकून एकाच जागी गुंडाळल्या गेल्या तर दोन्ही प्रतींची रीड त्याच जागेवर येऊन बसतात. फरकांच्या फाइलमधली अशी एक ओळ डोळ्यांसमोर आणावी: तीस मासे, आणि तिसांच्याही नावापुढे ‘0/1’, म्हणजे प्रत्येक मासा विषमयुग्मजी, त्या जागी दोन वेगळी रूपे असलेला; बाकी जीनोममध्ये सरासरी कव्हरेज 15 आणि या जागी 29, 31, 30. खऱ्या समूहात, मुक्त समागम होत असताना, एका जागी प्रत्येक मासा विषमयुग्मजी असणे जवळपास अशक्य आहे. येथे एका जनुकाची दोन रूपे नसून दोन जनुके एकमेकांवर पडली आहेत. अशा ओळी कव्हरेजच्या वरच्या मर्यादेने आणि विषमयुग्मजींच्या आधिक्याच्या चाचणीने गाळाव्यात. न गाळल्यास त्या समूहांमधील खरे फरक झाकतात, आणि सॅमनवर काम करणाऱ्याला तर त्या पावलोपावली भेटतात.

यादी स्वच्छ झाली की लगेच ‘निवडीची जनुके’ शोधायला धावू नये. आधी मुख्य घटक विश्लेषण करून मासे कसे गट पाडतात ते पाहावे. गट पाण्याच्या प्रकाराप्रमाणे पडतात की भूगोलाप्रमाणे? संकरित मासे आहेत का? चुकीचे लेबल लागलेला नमुना किंवा शेजारची दुसरीच प्रजाती येथेच उघड होते. यानंतर जीनोमचे लहान लहान पट्टे घेऊन प्रत्येक पट्ट्यात दोन समूहांमधील भिन्नता मोजावी. त्यासाठी एफएसटी हे 0 (काहीच फरक नाही) ते 1 (पूर्ण वेगळे) दरम्यानचे मोजमाप वापरतात. सोबत प्रत्येक समूहातील आतली विविधताही मोजावी, कारण अलीकडच्या जोरदार निवडीमुळे त्या जागेच्या आसपास विविधता घटते.

मोठा एफएसटी म्हणजे निवड, हे समीकरण मात्र धोक्याचे आहे. अटलांटिक हेरिंगचे समूह प्रचंड मोठे असतात, त्यामुळे यदृच्छेने होणारे जनुकीय विचलन अत्यल्प असते. अटलांटिक महासागर आणि मचूळ बाल्टिक समुद्र येथील हेरिंग जीनोमच्या बहुतांश भागात जवळपास सारखेच आहेत, आणि म्हणून निवडीखाली आलेल्या जागा सपाट मैदानातल्या सुळक्यांसारख्या उठून दिसतात. त्यांतली एक ऱ्होडॉप्सिन या दृष्टिप्रथिनात आहे: 261 व्या स्थानी फेनिलअ‍ॅलनिनऐवजी टायरोसिन आले, आणि बाल्टिकच्या तांबूस प्रकाशाशी माशाची नजर जुळली. हाच बदल गोड्या किंवा मचूळ पाण्यातल्या इतर अनेक माशांतही स्वतंत्रपणे झालेला आढळतो. याउलट, मोजक्या माशांपासून सुरू झालेल्या लहान तळ्यातील समूहात विचलन इतके असते की निवड नसतानाही सगळ्या जीनोमभर उंच आकडे दिसतात. अशा ठिकाणी समूहाचा इतिहास, म्हणजे त्याचा आकार कधी आकसला आणि स्थलांतर किती झाले, हे आधी अनुमानून त्या इतिहासाचे निवडविरहित सिम्युलेशन करावे, आणि प्रत्यक्ष आकडे त्याच्याही पलीकडे जातात का ते पाहावे. स्वतंत्र जोड्यांचा खरा उपयोग येथे होतो: एकच पट्टा तिन्ही जोड्यांत, त्याच दिशेने वेगळा निघाला तर ते केवळ विचलनाने होणे फार कठीण आहे.

गुणसूत्राचा फार मोठा, सलग तुकडा भिन्न दिसला तर उलटापालट तपासावी. अटलांटिक कॉडमध्ये गुणसूत्राचे काही मोठे भाग उलटे बसलेले आहेत. लांब स्थलांतर करणारे आणि किनाऱ्याजवळ राहणारे कॉड यांच्यातला ठळक फरक अशाच भागात आहे. उलट्या भागात पुनर्संयोजन, म्हणजे जोडीतल्या गुणसूत्रांमधली तुकड्यांची अदलाबदल, जवळपास थांबते आणि शेकडो जनुके एकगठ्ठा वारशाने जातात. अशा वेळी त्यांतले ओळखीचे एखादे जनुक उचलून तेच कारण आहे असे लिहिणे हा निव्वळ अंदाज ठरतो.

जनुकापासून कार्यापर्यंत

सापडलेल्या पट्ट्यातले प्रथिन बदललेले नसेल तर निराश होऊ नये. स्टिकलबॅकच्या अनेक तळ्यांत पोटाखालचे काटे नाहीसे झाले आहेत, आणि तेथे पिटएक्स-1 जनुकाचे प्रथिन शाबूत आहे. गळाला आहे तो ते जनुक श्रोणिभागात चालू करणारा नियंत्रक तुकडा. शरीरात अन्यत्र हे जनुक आपले काम करतच राहते. 2012 साली संदर्भ जीनोमबरोबर समुद्री आणि गोड्या पाण्यातल्या आणखी 20 स्टिकलबॅकांचे जीनोम ताडले गेले, तेव्हाही नियंत्रक भागांतील बदलच अधिक आढळले. म्हणून संबंधित ऊतकातील आरएनए दोन्ही समूहांत मोजावा, तोही मासे एकाच प्रकारच्या पाण्यात वाढवून, नाहीतर वारशाने आलेला फरक आणि पाण्याने घडवलेला फरक वेगळे करता येत नाहीत. शक्य असल्यास क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने तो तुकडा बदलून परिणाम पाहावा. एवढे करता आले नाही तर निष्कर्षात ‘कारण’ न लिहिता ‘संबंध’ लिहावा.

प्रजातींमधली दीर्घ उत्क्रांती अभ्यासायची असेल, तर खरी अडचण समरूप, म्हणजे पूर्वजाच्या त्याच जनुकप्रतीपासून आलेली, जनुके नेमकी जुळवण्याची असते. पूर्वजाच्या एका जनुकाच्या दोन प्रतींपैकी एका माशात पहिली आणि दुसऱ्यात दुसरी उरली असेल, तर त्यांची तुलना मुळातच चुकते. ठिपकेदार गार हा मासा येथे मोलाचा आहे, कारण त्याची शाखा जीनोम दुप्पट होण्यापूर्वीच वेगळी झाली. 2016 साली प्रसिद्ध झालेला त्याचा जीनोम मधला दुवा म्हणून वापरावा.

जनुक नाहीसे झाल्याचा दावा करताना तर दुप्पट सावध राहावे. अंटार्क्टिकातल्या आइसफिशच्या रक्तात हिमोग्लोबिन नाही, आणि कॉडमध्ये एमएचसी-2 ही रोगप्रतिकारक यंत्रणा नाही, हे दोन्ही खरे आहे. परंतु जुळवलेल्या जीनोममध्ये एखादे जनुक न दिसणे म्हणजे ते नसणे नव्हे. इतर माशांत त्या जनुकाच्या दोन्ही बाजूंना असणारी जनुके शोधावीत, ती येथे सलग सापडतात का ते पाहावे, आणि मधल्या जागेत जनुकाचे अवशेष आहेत का हे कच्च्या रीडमध्येही तपासावे. नवे जनुक कोठून आले हे शोधण्याची रीतही अशीच आहे. अंटार्क्टिक माशांचे गोठणरोधक प्रथिन पचनाच्या ट्रिप्सिनोजेन जनुकातून घडले, तर उत्तर ध्रुवाकडच्या कॉडमधले जवळपास तसेच प्रथिन अगदी वेगळ्या, पूर्वी प्रथिन न बनवणाऱ्या डीएनएतून आले. केवळ प्रथिने ताडली असती तर दोघांचा पूर्वज एकच वाटला असता. जनुकांच्या भोवतीचा डीएनए पाहिल्यावरच ही दोन वेगळी उगमस्थाने उघड झाली.

जुने नमुने मिळत असतील तर ते अवश्य मिळवावेत. अलास्कातल्या लोबर्ग तलावातले मासे 1982 साली विष घालून संपवण्यात आले, पुढे समुद्री स्टिकलबॅक तेथे आपोआप शिरले, आणि 1990 पासून घेतलेल्या नमुन्यांत कमी पट्ट्यांचे मासे काही वर्षांत वाढत गेलेले दिसतात. निवड इतक्या जवळून मोजता येते ती कोणीतरी दरवर्षी नमुने घेऊन जपून ठेवल्यामुळे. म्हणून आपली कच्ची रीड सार्वजनिक संग्रहात ठेवताना प्रत्येक माशासोबत ठिकाण, तारीख, लांबी, लिंग आणि पाण्याची क्षारता व तापमान यांची नोंद द्यावी, आणि उरलेले ऊतक उणे 80 अंशांवर जतन करून त्याचा क्रमांक त्याच नोंदीत लिहावा.