काखेत कळसा

प्रवाळभित्तीवर मासे मोजायला पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी हे लिहितेय. ट्रान्सेक्ट म्हणजे मोजणीसाठी आखलेली पट्टी, पोमॅसेंट्रिडी म्हणजे डॅम्सेलफिश माशांचं कुळ, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. मला एकाच माशाबद्दल बोलायचंय, कारण त्याने माझा अख्खा हंगाम गिळला.

बोटभर लांबीचा, हिरवट-निळा, फांद्याफांद्यांच्या प्रवाळावर शेकड्यांनी तरंगणारा. दिसला की हात आपोआप पाटीवर 'क्रोमिस विरिडिस' लिहितो. मी 11 आठवडे तेच लिहिलं. मग एका परीक्षकांनी माझाच फोटो मोठा करून विचारलं, "या माशाची काख काळी का?"

मला उत्तर देता आलं नाही. माशाला काख असते हेच तेव्हा कळलं.

विरिडिसचा एक जुळा भासावा असा भाऊबंद आहे, क्रोमिस ॲट्रिपेक्टोरालिस. रंग तोच, थव्याने राहणं तेच, खाणं तेच, पाठीच्या परात दोघांनाही 12 काटे. फरक एका जागी: छातीचा पर अंगाला जिथे जोडलेला असतो तिथे आतल्या बाजूला ॲट्रिपेक्टोरालिसला काळा डाग असतो. 'ॲटर' म्हणजे काळा, 'पेक्टोरालिस' म्हणजे छातीचा. नावातच उत्तर होतं आणि मी गावाला वळसा घालत होते.

आता खरी मेख. तो डाग पर मिटला की झाकला जातो. तुम्ही जवळ गेलात की थवा घाबरून प्रवाळात घुसतो आणि पर अंगाला चिकटतात. म्हणजे नीट बघायला पुढे सरकणारा माणूसच तो डाग लपवतो! माझे सगळे फोटो असेच होते: जवळून काढलेले, सुंदर आणि निरुपयोगी. करायचं ते उलटं. दोन-तीन मीटर मागे थांबा, हात हलवू नका, श्वास संथ ठेवा. काही मिनिटांत मासे परत वर येतात, प्रवाहाकडे तोंड करून प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, टिपू लागतात. हे मासे संथ पोहताना शेपटीपेक्षा छातीचे परच वल्ह्यासारखे मारतात, म्हणून प्रत्येक फटक्याला काख उघडते. व्हिडिओ घ्या, नंतर एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. थोडं समोरून किंवा मागून तिरकं घेतलेलं चित्रण सरळ बाजूच्या फोटोपेक्षा कितीतरी कामाचं.

आकारावर जाऊ नका. ॲट्रिपेक्टोरालिस 12 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि विरिडिस त्याहून लहान राहतो हे खरं, पण ॲट्रिपेक्टोरालिसचं पिल्लू आणि विरिडिसचा प्रौढ शेजारी तरंगत असतील तर आकार काय सांगणार? रंगावर तर मुळीच नको. ती निळसर झळाळी बरीचशी कातडीतल्या परावर्तक स्फटिकांची असते, कोन बदलला की छटा बदलते. आणि फोटोवरून नाव सांगणारी ॲप्स? काख न दिसणाऱ्या फोटोवरही ती छातीठोक उत्तर देतात. मी त्यांना पाटीजवळ फिरकू देत नाही.

एवढा आटापिटा का, असं माझ्या मार्गदर्शकांनीही विचारलं होतं. "दोन्ही प्लवकच खातात ना, एकत्र धर." नावाजलेले मार्गदर्शक असं म्हणतात तेव्हा मान डोलावू नका. विरिडिस शांत, उथळ पाण्यातल्या फांद्यांच्या प्रवाळाला जास्त बांधलेला असतो. धोका वाटला की त्याच फांद्यांत शिरतो, रात्रही तिथेच काढतो. ॲट्रिपेक्टोरालिस त्यामानाने सैल. मी प्रवाळाचं प्रमाण आणि माशांची संख्या यांचा संबंध शोधत होते, आणि दोघांची मोट बांधल्यामुळे तो संबंध पार विरघळून गेला होता. मला डोळे दिले ते प्रयोगशाळेतल्या एका मदतनीस ताईंनी. अर्धा तास शेजारी बसून जतन केलेल्या माशांचे पर चिमट्याने उचलून दाखवले.

तांबड्या समुद्रात काम असेल तर सुटलात, तिथे ॲट्रिपेक्टोरालिस नाही. बाकी हिंद-प्रशांत महासागरात बऱ्याच ठिकाणी दोघांची गाठ पडते.

आणखी एक, थोडक्यात. विणीच्या काळात विरिडिसचा नर पिवळट होतो, मागचा भाग काळपट. तळाशी जागा साफ करून तो अंडी राखतो, पराने वारा घालतो. दोन-तीन दिवसांत पिल्लं बाहेर पडतात. त्याला तिसरीच जात म्हणून नोंदवू नका. मी नोंदवली होती, हो, तीही.

चुकलात तरी घाबरू नका. विरिडिसचं वर्णन 1830 चं, ॲट्रिपेक्टोरालिसचं 1951 चं. वेगळं नाव मिळायला मध्ये 121 वर्षं गेली.

दुसऱ्या हंगामात मी पाटीवर तिसरा रकाना आखला: 'काख दिसली नाही'. पहिल्या दिवशी निम्म्याहून जास्त मासे त्यातच गेले आणि बोटीवर परतल्यावर मला रडू आलं. तो रकाना कमी व्हायला तीन आठवडे लागले. शून्यावर तो कधीच आला नाही, आणि प्रबंधात मी तो तसाच छापला.