343 ने लावली वाट, शेवटी सुटलं एकदाचं अंककोडं

दोन दिवस एकाच कोपऱ्यात अडकलो होतो. आडव्याला तीन अंकी घन, म्हणजे 125, 216, 343, 512, 729 एवढेच पर्याय, आणि त्याच्या शेवटच्या घरात संपणारा उभा तीन अंकी वर्ग, उलटा वाचला तरी तोच. मी आपलं 343 पेनाने ठोकून दिलेलं (पेनाने! हौस दांडगी), उलटसुलट सारखं दिसलं ना! ग्रुपवर फोटो टाकला तर एक ताई लगेच म्हणाल्या, अहो वर्ग कधी 3 ने संपतो का? मग दुसऱ्याने असे वर्ग मोजून दाखवले, 121, 484, 676, बस, तीनच. 1 किंवा 4 ने संपणारा घन त्या पाचात नाहीच, म्हणजे 216 आणि 676! बाकीचं दहा मिनिटांत भरलं.