एसडीएसचा सीएमसी काढताना आलेखाचा कोपरा बोथट का येतो?

एसडीएस म्हणजे सोडियम डोडेसिल सल्फेट, साबणासारखा पृष्ठसक्रिय पदार्थ; सीएमसी म्हणजे ज्या संहतीला त्याचे कण एकत्र येऊन पुंजके (मायसेल) बनू लागतात ती संहती. तिथे वाहकतेच्या आलेखाचा उतार बदलतो, तोच कोपरा. ५० मिली ऊर्ध्वपातित पाणी २५ अंश सेल्सिअसला स्थिर ठेवा. त्यात ०.१ मोलार एसडीएस ०.५ मिलीच्या टप्प्यांनी १० मिलीपर्यंत घालत वाहकता मोजा. आलेख मात्र मिलीवर काढू नका: दर टप्प्याला आकारमान वाढते, त्यामुळे रेषा वाकतात आणि कोपरा बोथट होतो; म्हणून खरी संहती ०.१V/(५०+V) मोलार धरा (V म्हणजे घातलेले मिली). उतार साधारण ८ मिलिमोलारला, म्हणजे ४.३–४.४ मिलीच्या आसपास बदलतो. कोपऱ्याजवळचे दोन-तीन बिंदू सोडून दोन्ही बाजूंना रेषा बसवा; छेदनबिंदू हाच सीएमसी. जोरात ढवळल्यास फेस होतो, बुडबुडे इलेक्ट्रोडला चिकटतात आणि वाहकता कमी दिसते. पृष्ठताणही मोजणार असाल तर द्रावण ताजेच हवे. जुन्यात जलविघटनाने डोडेकॅनॉल तयार होते आणि सीएमसीजवळ आलेखात फसवा खड्डा पडतो.